दोन्या फिलोच्या दारातलं खोकं

आरेकीपा, ४ मार्च

लेआन्द्रो,

फोन तू उचलत नाहीस, साडेपाच महिने झाले. म्हणून हे पत्र मंगळवारच्या ट्रकबरोबर विल्बेरच्या हाती पाठवते आहे. ट्रक तरी तुला उतरवून घ्यावाच लागेल. विल्बेरला मी बजावलंय, ऑलिव्हच्या पिंपांची पोच सही करून घेण्याआधी पाकीट साहेबांच्या हातात द्यायचं, नंतर नाही.

आधी कामाचं. या खेपेला काळे ऑलिव्ह बारा पिंपं आहेत, हिरवे चार. देसाग्वादेरोच्या सरहद्दीच्या नाक्यावर परत लेबलांवरून अडवतील, तर त्यांच्या कागदांच्या दोन्ही प्रती विल्बेरजवळ आहेत. चीज वरच्या थरात आहे, ते आधी उतरवून घे.

आता दुसरं. फेर्मीननं बैठक ठरवली आहे. मृतांच्या दिवसानंतर लगेच, तीन नोव्हेंबरला, आईच्या जेवणाच्या टेबलावर. विषय एकच, कोचाबाम्बाचं दुकान ठेवायचं की बंद करायचं. आई होती तोवर तिचा शब्द शेवटचा होता, आणि ती म्हणाली, ‘धाकट्याला जाऊ द्या,’ म्हणून तू गेलास. आता आपण तिघंच उरलो. फेर्मीन म्हणतो, बंद. तू अर्थातच म्हणशील, चालू. म्हणजे सगळं माझ्यावर येऊन बसलं आहे, आणि मला कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुला हे ओझं हवं का.

मी अजून काही ठरवलेलं नाही. पण माझं मत तुला ठाऊक आहे. आरेकीपाच्या माणसाला लिमासुद्धा परदेश वाटतं, आणि तू सरहद्द ओलांडून, चार हजार मीटर वर चढून, पलीकडे उतरून दुकान थाटलंस. पेरूत आपली सात दुकानं होती ती काय थोडी होती?

सप्टेंबरात कबरीपाशी मी सगळ्यांसमोर जे बोलले ते तू विसरला नसशील. ‘तुझ्या दुकानाच्या हट्टापायी आई गेली.’ चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला ऑगस्टच्या थंडीत बसमध्ये घालून फीत कापायला नेणारा मुलगा तू. महिनाभरात छाती भरून ती गेली. मी बोलले ते बोलले. ते मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाही.

लोकरी मोजे पाठवलेत. ते कामाच्या सामानात धरू नकोस.

ओर्तेन्सिया

&nbsp;

आरेकीपा, २७ मे

लेआन्द्रो,

विल्बेर काल परतला. नऊ दिवस रास्ता रोकोत काराकोयोच्या फाट्यावर अडकून पडला होता बिचारा. रस्त्यावर दगड, टायर आणि माणसं, पुढं जाता येईना की मागं. गावातल्या बायकांनी त्याला सूप पाजलं, आणि त्यानं आपलं निम्मं चीज त्या गावाला खाऊ घातलं. मी रागावले तर म्हणतो, ‘दोन्या ओर्तेन्सिया, तसंही ते खराबच होणार होतं. निदान गावात आपलं नाव तरी झालं.’ तुझ्या संगतीनं ड्रायव्हरसुद्धा बिघडला.

मग त्यानं तुझं सांगितलं. मी त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि दोनदा सांगायला लावलं.

म्हणजे खरंच तसं केलंस? ट्रक येईनात, फळ्या रिकाम्या पडल्या, तर तू पहाटे कांचा बाजारात गेलास? ज्या बाजारकरणी दुकान उघडल्यापासून तुझ्या नावानं बोटं मोडत होत्या, ‘हा पेरूवाला आमच्या पोटावर पाय द्यायला आलाय’ म्हणत होत्या, त्यांच्याचकडे? विल्बेर म्हणतो, एकीनं तुझ्यावर गाजर फेकून मारलं. ते तू झेललंस, त्याचा एक चावा घेतलास आणि म्हणालास, ‘गोड आहे. माझ्याकडे फळ्या आहेत, माल नाही. तुमच्याकडे माल आहे, डोक्यावर छप्पर नाही. या, आत बसा.’

आणि त्या आल्या! नऊ दिवस हायपरमार्केटच्या चकचकीत फरशीवर, दोन रॅकांच्या मधे, स्वतःची स्टुलं टाकून बायका बटाटे विकत बसल्या. मला हसावं की डोकं धरावं कळेना. पण लेआन्द्रो, सगळं शहर उपाशी राहायची वेळ आली असताना एक दुकान भरलेलं होतं, ते आपलं. हे फेर्मीनला सुचलं नसतं. मलाही सुचलं नसतं. हे एवढं लिहून ठेवते आणि पुढं जाते.

पुढं म्हणजे तक्रारींकडे. रस्ता उघडल्यावर त्यातल्या चौघींना तू कॅश काउंटरवर नोकरीला ठेवून घेतलंस म्हणे. पन्नाशीच्या बायका! आणि माझ्या लाल वहीतला नियम एकतीस तू मोडलास तो वेगळाच. ‘गिऱ्हाइकानं पाठीवरचं बोचकं दारात जमा करावं.’ ताक्नापासून पुनोपर्यंत प्रत्येक दुकानात तो पाळला जातो. विल्बेर म्हणतो, तू रखवालदाराला सांगितलंस, ‘त्या बोचक्यात कधी पोर असतं, कधी आयुष्य असतं. हात लावायचा नाही.’

पोर असतं हे मान्य. आयुष्य वगैरे बोलायला तू कधीपासून शिकलास? शेंडेफळ ते शेंडेफळच.

लाल वही मी बावीस वर्षं लिहिली आहे. एकशे बारा नियम आहेत. सातही दुकानं तिच्यावर उभी आहेत, हे विसरू नकोस.

तू चार ओळी लिहिल्यास तर विल्बेरला जड होणार नाहीत.

ओर्तेन्सिया

&nbsp;

आरेकीपा, १६ जुलै

लेआन्द्रो,

फेर्मीननं आज मला फोटो दाखवला. तुझ्या दुकानात त्याचा कोणी माणूस आहे, कोण ते मी विचारलं नाही. फोटोत तू बाहेरच्या दारात उभा आहेस. टाय नाही, बाह्या वर, कमरेला एप्रन, समोर पत्र्याचं घमेलं. रांग पार फुटपाथपर्यंत. आणि तू प्रत्येक पिशवीत काहीतरी वरचं घालतो आहेस. कोणाला पाल्याची जुडी, कोणाला बटाटा, कोणाला दोन ऑलिव्ह.

फेर्मीन म्हणाला, ‘बघ ताई, आठ दुकानांच्या घराण्यातला मुलगा यापा वाटतोय. भाजीवालीसारखा!’

मी म्हटलं, ‘आपण भाजीवालीचीच पोरं आहोत.’ ते त्याला गप्प करायला म्हटलं. तुला सांगते ते वेगळं आहे. बंद कर हे.

यापा मी अकरा वर्षांपूर्वी काढून टाकला. नियम अठ्ठेचाळीस. तू तेव्हा लिमाला होतास, तुला सगळं माहीत नाही म्हणून लिहिते. आईचं यापाचं टेबल प्रत्येक दुकानाच्या दारात असायचं. सान कामिलो बाजारात तिचा गाळा होता तेव्हापासूनची तिची रीत. माल घेतला, पैसे दिले, की वर मूठभर काहीतरी तिच्या हातून पिशवीत पडायचं, आणि मग ते गिऱ्हाईक तिचं व्हायचं आणि ती त्याची. बाजारात हे ठीक होतं. पण चौथं दुकान उघडलं आणि त्या टेबलापाशी ट्रॉल्या अडकायला लागल्या, पाला फरशीवर सांडायचा, बायका ‘अजून एक घाल की गं’ म्हणून वाद घालायच्या. लिमाहून सुटाबुटातला एक सल्लागार आला होता. तो नाक वर करून म्हणाला, ‘सेन्योरा, हे दुकान आहे की मंडई?’

मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी चारही टेबलं गोदामात टाकायला लावली.

आई भांडली असती तर बरं झालं असतं. ती एप्रनच्या खिशात वाकातायच्या पाल्याच्या जुड्या घेऊन दुकानात यायची, आणि मी पाठ वळवली की कोणाच्या तरी पिशवीत एक टाकायची. मला दिसायचं. मी न दिसल्यासारखं करायचे. पाच वर्षांपूर्वी तिचं येणंच थांबलं.

कोचाबाम्बाच्या आराखड्यात तू ते टेबल दाखवलं होतंस, आणि मी लाल पेन्सिलीनं त्यावर फुली मारली होती. ती फुली अजून लागू आहे. नोव्हेंबरात मला फेर्मीनला उत्तर द्यायचंय. माझं काम अवघड करू नकोस.

ओर्तेन्सिया

&nbsp;

आरेकीपा, ९ सप्टेंबर

लेआन्द्रो,

विल्बेर म्हणतो की पत्र तू दर वेळी घेतोस, दर वेळी शर्टाच्या खिशात ठेवतोस, आणि दर वेळी मूग गिळून बसतोस. मी त्याला विचारलं, ‘वाचतो तरी का?’ तर म्हणतो, ‘खिसा डाव्या बाजूचा आहे, दोन्या ओर्तेन्सिया.’ हे काय उत्तर झालं?

पुढच्या आठवड्यात पत्र येणार नाही. मी दातांसाठी ताक्नाला जाते आहे. तीन-चार दिवस लागतील. वाट पाहू नकोस. तशी तू पाहत नसशीलच.

येत्या वीस तारखेला आईला वर्ष होतं. चर्चमध्ये प्रार्थना सांगितली आहे. तुझी जागा ठेवणार आहे, येवो न येवो.

ओर्ते

&nbsp;

आरेकीपा, २२ सप्टेंबर

धाकट्या,

माझे दात चांगले आहेत. ताक्नाला मी गेलेच नाही.

बसनं पुनो, तिथून नाका, ला पास, ओरुरो. हाडं खिळखिळी झाली. एकसष्टाव्या वर्षी मला कळलं की आईनं ही वाट चौऱ्याऐंशीव्या वर्षी केली, आणि मी फीत कापायला जायचं नाकारलं म्हणून केली. घरातली थोरली म्हणून तू मला बोलावलं होतंस. मी म्हटलं होतं, ‘ज्या दुकानाला माझी संमती नाही तिथं मी कात्री धरणार नाही.’ तेव्हा आई उठली आणि म्हणाली, ‘मग मी जाते.’ हे मी आजवर कोणाला लिहिलेलं नाही. तुला तर ठाऊकच होतं.

सकाळी नऊला मी तुझ्या दुकानासमोर उभी होते. पाटीवर आईचं नाव, ‘दोन्या फिलो’, बघून रस्त्यातच रडू आलं. शेजारी एक पोरगी सालतेन्या, त्या रस्सा भरलेल्या करंज्या, विकत होती, तिला म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. ती म्हणाली, ‘जाणारच, वाऱ्याचे दिवस आहेत. एक खा, बरं वाटेल.’ खाल्ली. रस्सा कोपरापर्यंत ओघळला. दातांनी आधी छोटं भोक पाडून रस्सा प्यायचा असतो, हे बाकीच्यांना बघून मला उशिरा कळलं.

डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर विल्बेरच्या बायकोचा काळा चष्मा, आणि पाठीवर मुद्दाम बांधलेलं बोचकं. नियम एकतीसची परीक्षा घ्यायची होती. रखवालदारानं मला फक्त दार उघडून दिलं.

मग मी तुझं दुकान तपासलं, धाकट्या. बावीस वर्षांची सवय आहे. फळीच्या मागं बोट फिरवलं, धूळ नाही. दुधाच्या फ्रिजवर हात ठेवला, गार. पाव गरम. आमच्याकडचा वाकाताय तू मागच्या रांगेत सरकवला होतास आणि पुढं त्यांच्या किल्किन्याच्या ओल्या जुड्या रचल्या होत्यास, कारण त्यांच्या चटणीला तीच लागते. पहिल्या महिन्यात ढीगभर पाठवलेला वाकाताय सुकत पडला म्हणून मीच तुला फैलावर घेतलं होतं. तू वाद न घालता शिकलास. बटाट्याच्या ढिगांवर पाट्या होत्या. ‘दोन्या एउसेबियाचे’, ‘दोन्या तोमासाचे’. ज्या बायकांचा धंदा बुडवायला तू आलास असं त्या म्हणत होत्या, त्यांचीच नावं तू दुकानात लावलीस. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. मला तुझा इतका अभिमान वाटला की राग आला.

काउंटरवरची बाई घेरदार घागऱ्यातली, दोन वेण्यांची. बासिलिया नाव. बाजारातून आलेल्या चौघींपैकीच, गाजरवाली तीच.

‘काय कासेरा, पहिल्यांदाच का?’ जुन्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसं तिनं मला म्हटलं.

‘कशावरून?’

‘ट्रॉलीत एक पाव आणि एक साबण, आणि अर्धा तास झाला, फिरताय इन्स्पेक्टरसारख्या.’

मी म्हटलं, पाय दुखतात माझे, सावकाश चालते. आणि दाराशी एक खोकं पालथं घातलेलं दिसलं, वर विटकी उशी. आपल्याच ऑलिव्हचं जुनं लाकडी खोकं, ‘आरेकीपा’ असा शिक्का असलेलं. मी त्यावर टेकायला गेले.

‘अहो अहो कासेरा! तिथं नाही! स्टूल देते ना मी!’ ती काउंटर सोडून धावली. ‘ती म्हाताऱ्या मालकिणीची जागा. साहेबसुद्धा बसत नाहीत.’

‘कोण म्हातारी मालकीण?’

तिनं आजूबाजूला पाहिलं. ‘तुम्ही आरेकीपाच्या नाही ना? उच्चार तसे वाटतात. आरेकीपाहून कोणी आलं तर हे सांगायचं नाही, असं साहेबांनी सगळ्यांना बजावलंय.’

‘छे,’ मी म्हटलं, ‘मी ताक्नाची.’

आणि तिनं सांगितलं. दुकान उघडलं त्या दिवशी ती स्वतः पलीकडच्या फुटपाथवर गाजरं विकत होती, मजा बघायला आली होती. आईनं फीत कापली, आत गेली, सगळं दुकान फिरली, आणि दाराशी येऊन तुला विचारलं, ‘यापाचं टेबल कुठाय?’ तू म्हणालास, नाहीये आई. तिनं विचारलं, का? तू म्हणालास, ‘माझ्या लक्षात राहिलं नाही.’

लक्षात राहिलं नाही! आराखड्यावरची माझी लाल फुली तू तिच्यापासून लपवलीस.

मग आई म्हणाली, ‘ज्या दारात यापा नाही, त्या दारावर माझं नाव कशाला?’ खोकं पालथं घालून ती दारात बसली, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत आपल्या हातानं यापा घालत राहिली. दोन दिवस. बासिलिया म्हणाली, ऑगस्टचा वारा असा होता की आमच्यासारख्या बाजारकरणींनी डोकी गुंडाळून घेतली होती. तू तीनदा तिला उचलायला आलास, तीनदा तिनं तुला हाकललं. मग तू कोट काढून तिच्या खांद्यावर टाकलास आणि वाऱ्याच्या बाजूला, तिला आडोसा होईल असा उभा राहिलास. आलेल्या पाहुण्यांना सोडून, नुसत्या शर्टात, दोन दिवस.

‘गर्दी आली ती नवलाई बघायला आली होती,’ बासिलिया म्हणाली. ‘परत आली ती त्या म्हातारीसाठी. ती गेली आणि दार सुनं झालं. लोक पैसे देऊन झाल्यावर घुटमळायचे, पिशवीकडे बघायचे आणि तोंड पाडून जायचे. मग साहेबच घमेलं घेऊन उभे राहिले. वरून नको असा हुकूम आहे म्हणे. कोण असेल ते वरचं, त्याला कासेरा नसणार कोणी.’

मी म्हटलं, ‘नसेल बाई.’

कबरीपाशी मी सगळ्या गोतासमोर म्हणाले, तुझ्या हट्टापायी आई गेली. तू एक वाक्य बोलला असतास, ‘ताई, ती तुझ्या नियमापायी दारात बसली होती,’ तर मी तिथंच संपले असते. तुझ्या ओठांवर ते वाक्य असणारच. तू मान खाली घालून सगळं ऐकून घेतलंस आणि आपल्या दुकानात परत गेलास. वर्षभर माझी टोचणारी पत्रं खिशात घालत राहिलास. का नाही सांगितलंस रे? मला कळतंय का. मला ते पेललं नसतं हे तू ओळखलंस. लहानपणी तुला कडेवर घेऊन मी बाजारभर फिरायचे, मला वाटायचं मीच तुला सांभाळते आहे.

दहा वाजता तू आलास. बाह्या वर, एप्रन, घमेलं. मी पळून जायला हवं होतं. पण माझ्यापुढं बारा माणसं होती आणि मला बघायचं होतं. एका म्हाताऱ्यानं फक्त काड्यापेटी घेतली होती. त्यालाही तू भरल्या ट्रॉलीवाल्या बाईइतकंच दिलंस, आणि विचारलंस, ‘गुडघा कसाय, दॉन सेव्हेरो?’ तो म्हणाला, ‘तुझ्या दुकानापेक्षा बरा चालतो.’ सगळी रांग हसली, तू सगळ्यात जास्त. तू हसतोस तेव्हा आईसारखा दिसतोस. हे मी विसरले होते.

माझा नंबर आला. मी मान खाली घातली.

‘लांबून आलात का, कासेरा?’

मी नुसती मान हलवली. तू एक जुडी पिशवीत घातलीस, पिशवीचं तोंड बांधलंस, माझ्या बोटात अडकवलीस. ‘सांभाळून जा. परत या.’ आणि पुढच्या बाईकडे वळलास. मी बाहेर आले आणि मनात म्हटलं, सुटले, ओळखलं नाही.

ओरुरोच्या वाटेवर भूक लागली म्हणून पाव काढायला पिशवी मांडीवर घेतली. तेव्हा गाठ पाहिली. दोन कान आणि मधे बोट जाईल एवढं कडं. आई आपल्याला सामान पोचवायला पाठवायची तेव्हा अशी बांधायची, पोराच्या हातून पिशवी पडू नये म्हणून. फक्त आपल्या पोरांसाठी. रांगेतल्या बाकी सगळ्यांच्या पिशव्या उघड्या होत्या, माझ्या डोळ्यांदेखत तू भरल्या होत्यास.

बस गच्च भरली होती. मी मोठ्यानं रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, गेलं नाही कोणी. सापडलं.

वर्षाच्या प्रार्थनेला तुझी जागा रिकामी होती, तिथं मी ती पिशवी ठेवली. फेर्मीन मला वेडी समजला असावा.

तुझी
ओर्ते

&nbsp;

आरेकीपा, ४ नोव्हेंबर

धाकट्या,

बैठक झाली. तू येशील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. तुझ्याऐवजी विल्बेर आला, टोपी हातात धरून, आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, ‘साहेबांनी सांगितलंय, ताई म्हणेल ते मान्य.’ वर्षभरात ताई म्हणून तुझं हे पहिलं वाक्य, आणि तेही दुसऱ्याच्या तोंडून! म्हणजे तुझं मतसुद्धा तू माझ्याच पदरात टाकलंस. माझ्यावर इतका विश्वास टाकावास असं मी काय केलंय, मला खरंच माहीत नाही.

फेर्मीननं टेबलावर तो फोटो ठेवला. मृतांच्या दिवशी कबरीवर नेलेल्या पावातला उरलेला अजून तिथंच होता, त्याला टेकवूनच. तो वाईट नाही रे, त्याला भीती वाटते. म्हणाला, ‘ताई, मी काही माझ्या मनचं बोलत नाही. तुझ्याच वहीत लिहिलंय. नियम एकतीस मोडला. नियम अठ्ठेचाळीस मोडला. तूच म्हणतेस, वहीबाहेरचं दुकान आपलं नाही.’

मी म्हटलं, ‘आण ती वही.’

लाल पेन्सील नव्हती, तर त्याच्याच पेननं दोन्ही नियमांवर काट मारली. त्यानं विचारलं,

‘म्हणजे कोचाबाम्बात यापा चालू राहणार?’

‘आठही दुकानांत. गोदामातली टेबलं धुवायला घेतली आहेत मी परवापासून. आणि पुढच्या वर्षी सूक्रेत नववं.’

‘परदेशात आणखी एक? ताई, अगं आपल्याला जमायचं नाही ते.’

‘धाकट्याला जमलंय. मी बघून आले.’

‘कधी?’

‘दात काढायला गेले होते तेव्हा.’

त्याला काही कळलं नाही, पण सही केली. जाताना दारात थांबला आणि विचारलं, ‘आई असती तर काय म्हणाली असती गं?’ मी म्हटलं, ‘पावाचा उरलेला तुकडा तुझ्या खिशात घातला असता.’ मग मीच तो घातला. नको नको म्हणत घेतला त्यानं. खाल्ला की नाही देव जाणे.

आता माझं. कबरीपाशी मी बोलले ते खोटं होतं. ते मी गोतासमोर बोलले होते, म्हणून मागेही गोतासमोरच घेतलं आहे. परवा मृतांच्या दिवशी सगळे कबरीवर जमले होते तेव्हा उभी राहिले आणि काय घडलं ते बासिलियानं सांगितलं तसंच सांगितलं, लाल फुलीसकट. मावशी दोमितिला म्हणाली, ‘उशीर केलास, ओर्तेन्सिया.’ केलाच.

या मंगळवारी विल्बेरजवळ पाकीट नाही. त्याच्या शेजारच्या सीटवर मी आहे. हे पत्र तुझ्या हातात मीच देणार आहे, कारण हे सगळं तोंडानं बोलायला गेले तर मी पुन्हा काहीतरी टोचणारं बोलेन. तू वाचेपर्यंत मी दारात थांबेन. खिशात घालू नकोस, वाच.

मार्चपर्यंत राहणार आहे. खोलीबिली बघू नकोस, तुझ्याकडेच राहीन. आईच्या खोक्यावर मी बसणार नाही, ती जागा तिची. शेजारी माझं दुसरं खोकं ठेव, आणि उशी जाड घाल. बासिलियाला सांग, ताक्नाची बाई कामावर येते आहे.

ती पिशवी बरोबर आणते आहे. आतली किल्किन्या वाळून गेली, पावाचा दगड झाला, पण गाठ मी सोडवलेली नाही. सुतळी घेऊन चाळीसदा बसले, तशी बांधता येते का बघायला. नाही येत. आईनं ती शेवटी तुलाच शिकवली होती. तेव्हा आम्ही मोठी झालो होतो, आम्हाला घाई होती.

दारात लेकरांना घेऊन बायका येतील. त्यांच्या पोरांच्या बोटात अडकवायला मला ती गाठ आली पाहिजे. सकाळी दुकान उघडायच्या आधी मला शिकव. मी हळू शिकते, ओरडू नकोस.

तुझी ताई